शोकाकुल, आपला दिनूदादा

१२ नोव्हेंबर

आमची संपदा चंदनसारला फ्लॅटमध्ये राहते, बँकेत नोकरी करते. दिवाळीला माहेरी येताना बँकेची ही डायरी घेऊन आली. "पप्पा, आत्मचरित्र लिहा," म्हणाली. मी म्हटलं, आत्मचरित्र रिकामटेकडे लिहितात. पण काल महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि आज सकाळपासून मी रिकामटेकडा आहे, तेव्हा सुरुवात करायला हरकत नाही. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर त्याला कच्चा माल मिळेल.

आमच्या प्रभागात चार जागा. दोन बायकांना, एक राखीव, एक खुली. खुली माझी, हे सांडोरचं शेंबडं पोरही सांगेल. रात्री पक्षाच्या साहेबांचा फोन आला. "दिनू, खुल्या जागेवर आपल्या संकेतला द्यायचं ठरतंय."

"आपला" संकेत म्हणजे साहेबांचा जावई. धंदा बिल्डरचा. अंगी गुण एकच, साहेबांची मुलगी. गेल्या वर्षी आमच्या वाडीत आला होता. केळीचं लोंगर बघून म्हणाला, "अंकल, हे झाडावरच पिकतं का?" हा आता माझ्या खुर्चीवर बसणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त याने गॉगल लावलाय.

१४ नोव्हेंबर

साहेबांकडे जाऊन आलो. साहेब चहा पाजतात तेव्हा काहीतरी काढून घेतात, आणि बिस्किटं देतात तेव्हा सगळंच. आज दोन्ही होतं, वर काजूही होते.

म्हणाले, "दिनू, बायकांची एक जागा तुझ्या घरात देतो. वहिनींना उभं कर. त्या निवडून आल्या की तुला स्वीकृत करून घेऊ." स्वीकृत नगरसेवक म्हणजे मतं न मागता पक्षाने मागच्या दाराने आत घेतलेला. मान तोच, गाडीवर पाटी तीच. मला समोरच्या दाराचं विशेष प्रेम कधीच नव्हतं.

मग बिस्किटांचं कारण निघालं. आमच्या आळीत हिल्डामावशीच्या घराला लागून गावकीचं बावखल आहे. साहेब म्हणाले, "ते डबकं बुजवून तिथे उद्यान करायचंय. प्रस्ताव महासभेत येईल. तुमच्या गावातून बोंब होता कामा नये, तेवढं तू बघ." उद्यान हे नुसतं नाव. मागे संकेतची बिल्डिंग उभी राहतेय आणि तिला रस्ता नाही.

बावखल म्हणजे डबकं नव्हे. वाडीला शिंपायला आमच्या पणज्यांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं ते. मी त्यात पोहायला शिकलो. पण साहेबांना शिकवायला गेलेला माणूस मी अजून परत आलेला पाहिला नाही. मी म्हटलं, "डबकंच आहे साहेब, डास होतात."

१९ नोव्हेंबर

सरोजिनीला सांगितलं. आमच्या घरात राजकारण मी करतो आणि चहा ती करते, ही वाटणी तीस वर्षांची. मी सभांना, दौऱ्यांना. ही ओटीवर माझी वाट बघत बसलेल्या बायकांच्या रडकथा ऐकत. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या सुनेला कितवा महिना, हे सगळं तिला तोंडपाठ. राजकारणातलं मात्र ओ की ठो कळत नाही.

मी म्हटलं, "घाबरू नकोस. तू नुसतं उभं राहायचंस. बाकी मी आहे."

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण सही मला करावी लागेल ना?"

"सही तूच करायची."

"मग वाचून करीन हो," म्हणाली.

मला हसू आलं. एवढ्या वर्षांत वाचून सही केली असती तर मी अजून ग्रामपंचायतीतच असतो.

३० नोव्हेंबर

चरित्रकारासाठी थोडं मागचं.

जन्म सांडोर. वडिलांची पानवेल आणि केळीची वाडी. मी पहाटे पाटाचं पाणी वळवून मग शाळेत जायचो, पायाला चिखल तसाच. मास्तर म्हणायचे, "दिनू, तू वाडीच कर." मास्तरांच्या मयताला पहिला खांदा मी दिला आणि त्याच वर्षी ग्रामपंचायतीत निवडून आलो. तेव्हा एक गोष्ट कळली, ती कुठल्या पुस्तकात नाही. लग्नाला उशिरा गेलं तर लोक माफ करतात, मयताला उशीर झाला तर पिढ्यान्‌पिढ्या बोलतात. तेव्हापासून मी मयत चुकवलेलं नाही. हिंदू असो, ख्रिस्ती असो, स्मशान असो की चर्चचं दफन, लोक दिनूदादाला शोधतात आणि दिनूदादा तिथे असतो. रडणं जमलं नाही तरी चष्मा काढून पुसायचा.

गावं महापालिकेत घालायला निघाले तेव्हा मी विरोधात रस्त्यावर झोपलो, पोलिसांच्या दोन लाठ्या खाल्ल्या. गावं गेलीच. मग मी त्याच महापालिकेत नगरसेवक झालो. लोक टोमणे मारतात. मारोत. लाठ्या मी खाल्ल्या होत्या, त्यांनी घरी बसून चिंबोऱ्या खाल्ल्या.

आता मयताला नुसतं जाऊन भागत नाही, बॅनर लागतो. माझा बॅनरवाला स्वरूप, नाक्यावर दुकान. त्याच्याकडे मी गावातल्या आजारी म्हाताऱ्यांचे फोटो आधीच देऊन ठेवतो. बॅनर तयार, फक्त तारीख टाकायची. लोक म्हणतात, दिनूदादाला कळतं तरी कसं! स्वरूप नवीन होता तेव्हा मी त्याला नियम शिकवले. जिवंत माणूस हात जोडतो नाहीतर मोबाइल कानाला लावतो. गेलेला सरळ समोर बघतो. जिवंत खाली, गेलेले वर. ही ओळ चुकली तर धंदा बंद कर, म्हटलं.

२६ डिसेंबर

सरोजिनीचा अर्ज भरला. नवी पैठणी घे म्हटलं तर संपदाच्या साखरपुड्यातली नेसून आली. अधिकाऱ्यासमोर तिने खरोखरच सगळा अर्ज वाचला. मागे रांग खोळंबली. संकेत मोबाइलवर बोलत घिरट्या घालत होता. मला म्हणाला, "अंकल, आन्टी क्यूट आहेत." याच्या सासऱ्याच्या प्रचाराला मी भिंती रंगवल्या तेव्हा हा पाळण्यात होता.

संध्याकाळी सोसायटीवाल्यांची बैठक. ही फ्लॅटमधली जमात मला कधी उमगली नाही. कोकणातून, घाटावरून, मुंबईतून आलेले. सकाळी जातात, रात्री येतात. गावाचं नाव विचारलं तर बिल्डिंगचं सांगतात. मागण्या दोनच, पाण्याचं प्रेशर आणि कचऱ्याची गाडी. यांना पाणी आणून दिलं ते मी. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाला, "आपण कोण?"

३ जानेवारी

आजचा दिवस लिहावा की फाडून टाकावा कळत नाही. लिहितो. चरित्रकाराने हे पान वगळावं.

हिल्डामावशीला नाताळात हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले, फादरांनी येऊन शेवटचं तेल लावलं. आमच्या हिंदू आणि ख्रिस्ती वाड्या एकमेकींना लागून, त्यामुळे चर्चची घंटा आम्हालाही पाठ. प्रार्थनेची वेगळी, मयताची वेगळी, थांबून थांबून वाजते. सकाळी मयताची घंटा झाली. मी दाढी करत होतो. तोंडाला फेस तसाच ठेवून स्वरूपला फोन लावला. "हिल्डाचा लाव."

आचारसंहितेमुळे प्रचाराचे बॅनर उतरवलेत. पण शोकाकुल व्हायला आचारसंहितेची बंदी नाही. खाली फक्त "शोकाकुल: सौ. सरोजिनी दिनानाथ व परिवार". माझं अंग पुसून होईस्तोवर नाक्यावर बॅनर लागला. समोरच्या पार्टीला अजून मयताचा पत्ता नव्हता.

पांढरे कपडे घातले, पुष्पचक्र घेतलं, गेलो. अंगण माणसांनी भरलेलं. बॅनर वाचून लोक धावत आले होते. बाजाराला निघालेल्या कोळणी टोपल्या खाली ठेवून रडत होत्या. आमच्या आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून होत्या. मला समाधान वाटलं. वेळेवर पोचलो होतो.

आणि ओटीवर खुर्चीत हिल्डामावशी पेज पीत बसली होती.

घंटा दुसऱ्याच एका म्हाताऱ्याची होती, तो पुण्याला मुलाकडे वारला होता.

मावशीने वाटी खाली ठेवली. "दिनू, कोण मेलं रे?"

सगळे माझ्या हातातल्या पुष्पचक्राकडे बघत होते.

"तो हार कुणाला?"

मी म्हटलं, "मावशी, तुझी तब्येत सुधारली म्हणून सत्कार." आणि चक्र तिच्या गळ्यात घालायला गेलो. ते गोल आणि ताठ, गळ्यात जाईना. कोळणींपैकी एक फिस्सकन हसली, मग सगळंच अंगण हसायला लागलं. मघा रडलेले जास्त जोरात हसत होते. मावशीची सून फेलिशिया शाळेत शिकवते, ती मात्र हसत नव्हती. म्हणाली, "दादा, सासूबाईंचा तो फोटो आधार कार्डावरचा आहे. तुम्हाला कुणी दिला?"

मी तिथून सटकलो. सरोजिनी मागाहून गेली. मला वाटलं, माफी मागेल, चार अश्रू ढाळेल. तिथे उभ्या असलेल्यांनी सांगितलं की ती मावशीच्या पायाशी बसली आणि हसत सुटली, मावशीही हसली, दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं. मग मावशीने विचारलं, "सरू, बावखल बुजवणार म्हणतात, खरं काय?" ही म्हणाली, "मी निवडून आले तर नाही बुजणार." मावशी म्हणाली, "शब्द?" ही म्हणाली, "शब्द."

घरी आल्यावर मी म्हटलं, "बरं केलंस. निवडणुकीत असं बोलायचंच असतं." तिने भाताला आधण ठेवलं.

९ जानेवारी

लाज आणली आहे. हिल्डामावशी पेज पिऊन उठली ती थेट प्रचाराला. रिक्षात सरोजिनीच्या शेजारी बसते, दारोदार जाते, काठी आपटून सांगते, "मी मेले होते. हिच्या नवऱ्याने मारलं, हिने उठवलं. मत हिला द्या." लोक पोट धरधरून हसतात आणि चहाला आत बोलावतात. फेलिशिया म्हणते, आमच्या घरात लाझारस आलाय, बायबलात येशूने मेलेला उठवला तो.

आणि सरोजिनी भाषण करत नाही. दारात उभी राहून विचारते, "सून बाळंत झाली का? नळाचं काय झालं?" हे काय राजकारण? मी कोपरासभा लावली तर तिला वेळ नाही. फ्लॅटवाल्यांकडे गेली आणि तिथल्या बायकांबरोबर जिन्यात बसून वाटाणे सोलून आली. म्हणे बोलता बोलता हात रिकामे कशाला ठेवायचे. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

१६ जानेवारी

निकाल. सरोजिनी निवडून आली, चारही जागांत सर्वांत जास्त मतं. संकेत कसाबसा आला, तोही तिच्या पदराला धरून.

तीस वर्षांची माझी पुण्याई फळाला आली. मिरवणुकीत मी जीपवर पुढे उभा होतो. एका पोराने हार आणला, मी मान वाकवली. तो म्हणाला, "काका, जरा बाजूला, वहिनींना घालायचाय." आजची पोरं. त्यांना पाठीमागचा इतिहास माहीत नाही.

मिरवणूक हिल्डामावशीच्या दारात थांबली. मावशीने सरोजिनीच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला. मग मला बोलावलं आणि म्हणाली, "दिनू, मी खरी मरेन तेव्हा तोच बॅनर लाव हो. चांगला छापलाय, फुकट घालवू नको."

५ फेब्रुवारी

साहेबांचा निरोप आला. स्वीकृतसाठी माझं नाव पक्कं. महासभेत बावखलाचा प्रस्ताव आधी येणार, तो मंजूर झाला की मग नावं जाहीर. साहेब कधी काही विसरत नाहीत.

संध्याकाळी सरोजिनीला समोर बसवून समजावलं. "विषय पुकारला की तू हात वर करायचास. बाकी काही करायचं नाही. बोलायचं तर अजिबात नाही."

ती म्हणाली, "आणि मी हात वर नाही केला तर?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, "तर मी संपलो, सरोजिनी. दहा वर्षं नगरसेवक होतो, मग पाच वर्षं महापालिकेत प्रशासक, मी नुसता माजी. माजीला कुणी विचारत नाही. नाक्यावरचा पानवालासुद्धा पहिल्यांदा दुसऱ्याला देतो. मला एवढं एकच पाहिजे आहे." चष्मा काढावा लागला, आणि या वेळी नाटक नव्हतं.

तिने तो माझ्या हातातून घेऊन पदराने पुसला. मग म्हणाली, "हात वर करीन."

१८ फेब्रुवारी

महासभा. मी प्रेक्षकांत बसलो होतो, नवा सफारी घालून. विषय पुकारला. "सांडोर येथील डबके भरणी करून उद्यान विकसित करणे." सरोजिनीने हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला.

मग ती उभी राहिली. महापौर म्हणाले, "ताई, बसून हात वर केला तरी चालतं." ही म्हणाली, "मला बोलायचंय."

आणि बोलली. "हे डबकं नाही, बावखल आहे. पावसात आमच्या चारी वाड्यांचं पाणी त्यात उतरतं. ते बुजवलं तर ते पाणी आमच्या घरांत शिरेल, आणि सगळ्यांत आधी माझ्याच ओटीवर येईल. त्या घरात मी तीस वर्षं ओटी सारवली आहे, पाणी कुठून येतं मला माहीत आहे. प्रस्तावाला माझा विरोध आहे. तसं लिहून घ्या."

तिच्यामागे आणखी बायका उठल्या, आपल्या पार्टीच्या, समोरच्या पार्टीच्या, मग काही बाप्ये. गोंधळात प्रस्ताव बाजूला पडला. संकेत मोबाइल कानाला लावून बसला होता, पलीकडे कुणी नव्हतं. साहेबांनी वळून प्रेक्षकांत पाहिलं आणि मला शोधून काढलं. रागावले नाहीत. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

घरी मी तांडव केलं. "माझ्या अन्नात माती कालवलीस! हात वर करीन म्हणालीस ना?"

"केला की," ती म्हणाली. मग जवळ आली. "अहो, तुम्ही त्यात पोहायला शिकलात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही मला ते दाखवायला नेलं होतं. घर दाखवण्याच्या आधी."

मी जेवलो नाही.

२३ फेब्रुवारी

स्वीकृतची नावं आली. माझं नाही.

चार दिवस घराबाहेर पडलो नव्हतो. आज पडलो तर कळलं, गाव आभाराचा बॅनर लावतंय. "आमचं बावखल वाचलं!" मधोमध सरोजिनी, शेजारी हिल्डामावशी, खाली आळीतल्या झाडून सगळ्यांचे फोटो. बाजूच्या वाडीतला तो अर्धवट अनुजसुद्धा आहे, दारूच्या दुकानाबाहेर आयुष्य काढलेला. मी नाही! जिच्या नावापुढे माझं नाव लागतं तिच्या बॅनरवर मी नाही!

तडक स्वरूपच्या दुकानात. तो स्क्रीनवर तेच जुळवत होता. मी म्हटलं, "मला सगळ्यांत वर घाल."

"दादा, वर?"

"वर म्हणजे वर. आमच्या बाबांचा फोटो आहे ना प्रेरणास्थान म्हणून, त्यांच्या शेजारी. मोठा."

"हात जोडलेला आहे तुमचा एक, तो खाली छान बसेल..."

"हात जोडलेला नको. मी काय आता मतं मागतोय? सरळ बघणारा घाल. करारी." माझ्याकडे पासपोर्टसाठी काढलेला होता, तो दिला.

स्वरूप घुटमळला. "दादा, नक्की ना? नाही म्हणजे, तुम्हीच मला..."

मी म्हटलं, "स्वरूप, तुला हा धंदा कुणी शिकवला?"

मग बिचाऱ्याने फोटो वर चढवला. प्रिंट सुंदर आली आहे. मी आणि बाबा सगळ्यांच्या डोक्यावर. ज्याचं माप त्याच्या पदरात पडलं पाहिजे.

२६ फेब्रुवारी

नाक्यावर बॅनर झोकात दिसतो. रस्त्यावरून येणारी जाणारी माणसं गाडी हळू करून बघतात. काल एक रिक्षावाला माझ्याकडे बघून दचकला आणि त्याने पुढे जाऊन रिक्षा थांबवून परत वळून पाहिलं. मान मिळाला की असा मिळतो.

२८ फेब्रुवारी

दुपारी ओटीला लागून असलेल्या आतल्या खोलीत आडवा झालो होतो. बाहेर कुणी आलं. फटीतून पाहिलं तर कामणचा बाबू पाटील. आम्ही दोघे एकाच वेळी नगरसेवक होतो, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून झोपायचा. आज पांढरे कपडे. हातात पुष्पचक्र.

सरोजिनी बाहेर आली. बाबू चष्मा काढून पुसायला लागला. "वहिनी, काय हे झालं! मी गावाला होतो, कुणी कळवलंच नाही. आज नाक्यावर बॅनर पाहिला, दादांचा फोटो वर, वडिलांच्या बाजूला. पायाखालची जमीनच सरकली."

मी उठून बसलो. स्वरूपला मी शिकवलेला नियम मला तेव्हा आठवला.

बाहेर पडायला पाहिजे होतं. पण पडलो नाही, खरं सांगतो. मला ऐकायचं होतं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या दारात उभा राहून चांगलं बोललो, आता माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते एकदा ऐकू दे म्हटलं. दाराला कान लावून उभा राहिलो. सरोजिनीनेही त्याला लगेच सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. कदाचित तिलाही ऐकायचं असेल.

बाबू जरा वेळ बसला. पाणी प्यायला. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणत म्हणाला, "वहिनी, वेळ बरोबर नाही, पण विचारतो. दादांचं स्वीकृतमध्ये नाव होतं म्हणतात. ती जागा आता कुणाला द्यायची ठरलीय? तुमचा शब्द चालतो, म्हणून म्हटलं."

बस्स, एवढंच. दुसरं काही बोलला नाही.

मी दार उघडून बाहेर आलो. बाबूच्या हातातलं चक्र पडलं आणि कुंपणापर्यंत घरंगळत गेलं. मी ते उचलून त्याला परत दिलं. म्हटलं, "ठेव जवळ, लागेल." तो चपला न घालताच गेला, मागून पोराला पाठवून नेल्या.

सरोजिनीने आपला मोबाइल माझ्यासमोर ठेवला. सोसायटीच्या त्या सेक्रेटरीचा मेसेज. दोन दिवसांपूर्वीचा. "ॐ शांती. भावपूर्ण श्रद्धांजली. मॅडम, कचऱ्याची गाडी कालपासून आलेली नाही, कृपया बघावे."

मी विचारलं, "तू काय उत्तर दिलंस?"

"गाडी पाठवली," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल काय लिहू ते सुचेना."

संध्याकाळी हिल्डामावशी काठी टेकत आली. एव्हाना गावभर कळलं होतं. म्हणाली, "दिनू, मेल्यावर कसं वाटतं?" मी म्हटलं, "मावशी, तुझ्या मयताला अंगण भरलं होतं. कोळणी टोपल्या टाकून आल्या होत्या. मी किती मयतं केली असतील! माझ्या मयताला एक आला, तोही जागा मागायला." हे बोलताना मला रडू आलं. मावशीने चिडवलं नाही. म्हणाली, "तू सगळ्यांच्या मयताला गेलास रे. आजारपणात कुणाकडे गेलास?" आणि फेलिशियाने पाठवलेली पेज माझ्यापुढे ठेवली. मी प्यालो.

बॅनर उतरवायला स्वरूपला सांगावं म्हणून फोन हातात घेतला. सरोजिनी म्हणाली, "उद्या उतरवू. आत्ता चर्चच्या मागे राहणाऱ्या, खाटेवर पडून असलेल्या रॉड्रिग्ज आजोबांकडे जाऊन येता का? त्यांना रोज उचलून खुर्चीत बसवायला माणूस लागतो. मुलगा बोटीवर आहे, सून एकटी. मला उद्याच्या सभेचे कागद वाचायचे आहेत."

मी विचारलं, "गेलेत का ते?"

"नाही हो," ती म्हणाली. "जिवंत आहेत. म्हणून तर जा."

रॉड्रिग्ज आजोबांचा फोटो स्वरूपकडे तयार आहे. मीच दिलाय, दिवाळीच्या आधी. मी पांढरा शर्ट काढून ठेवला, घरातला चौकडीचा घातला आणि निघालो.